‘काऊच टू ५के’ : दिवाळीपासून वैशाखापर्यंतचा अनुभव

बैठ्या माणसाला हळूहळू धावते करणारा ‘काऊच टू ५के’ (म्हणजे सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत) हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम जोश क्लार्क यांनी १९९६ मध्ये तयार केला. तो मोफत मिळतो आणि त्यासाठी सेकंद दाखवणारे घड्याळही पुरते. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरील जॉगिंग ट्रॅकवर मी तो दिवाळीनंतर सुरू केला, ठरलेल्या मुदतीपेक्षा बराच अधिक वेळ घेऊन पूर्ण केला आणि वैशाखातही माझे धावणे चालू आहे.

माझी पंचेचाळिशी उलटली आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे सुरुवातीपूर्वी डॉक्टरांकडे तपासणी करून घेतली. मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये. धावताना छातीत दाब जाणवला, भोवळ आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालल्यानंतर साठ सेकंद धावणे आणि नव्वद सेकंद चालणे असा क्रम वीस मिनिटे करायचा असतो. आठवड्यातून तीनच दिवस धावायचे आणि प्रत्येक दोन दिवसांमध्ये विश्रांती घ्यायची. हा संथपणाच मला या कार्यक्रमाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. काही आठवड्यांतच दम पुरू लागतो आणि आणखी धावावेसे वाटते. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडे हृदयाइतक्या लवकर सरावत नाहीत, म्हणून उत्साह वाढतो नेमक्या त्याच काळात नडगी आणि टाच दुखावण्याचा धोका अधिक असतो. चौथ्या आठवड्यात माझ्या नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागला, तेव्हा धावणे थांबवून मी केवळ चालणे ठेवले आणि ती जागा दाबूनही दुखेनाशी झाल्यावर एक आठवडा मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. हाडावर एकाच ठिकाणी दुखत असेल आणि विश्रांतीतही ते थांबत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

माझा खरा आक्षेप पाचव्या आठवड्यावर आहे. त्याच्या पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांच्या दोन आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटे धावणे येते. तरुणांना ही झेप जमत असेल, पण माझ्या वयाला ती फार मोठी आहे. मी मध्ये दहा, बारा आणि पंधरा मिनिटांचे टप्पे घातले आणि त्याच आठवड्यात जवळजवळ महिनाभर राहिले. नऊ आठवडे ही मुदत न मानता नऊ पायऱ्या मानल्या, तर हा कार्यक्रम कितीतरी अधिक लोकांच्या आवाक्यात येईल.

नावातील पाच किलोमीटरचेही तसेच आहे. शेवटी सलग तीस मिनिटे धावता येते, परंतु तेवढ्या वेळात पाच किलोमीटर होण्यासाठी एक किलोमीटर सहा मिनिटांत कापावा लागतो. धावताना एखादे वाक्य बोलता यावे, एवढाच वेग मी ठेवते. त्या वेगाने एका किलोमीटरला सुमारे आठ मिनिटे लागतात, म्हणजे अंतर चार किलोमीटरच्या आतच राहते. मला त्यात काही उणे वाटत नाही.

स्नायूंच्या ताकदीसाठी मात्र यात काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवते. त्यासाठी मी धावण्याच्या दोन दिवशी, घरी परतल्यावर, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणे आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे जोडले. पोटऱ्यांना त्याचा स्पष्ट फायदा झाला.

सातत्यासाठी वार ठरवून ठेवणे आणि शेजारच्या ताईंची सोबत या दोन गोष्टी सर्वाधिक उपयोगी पडल्या. मन होत नसेल त्या दिवशी सुरुवातीचे पाच मिनिटांचे चालणे तेवढे करायचे असे आम्ही ठरवले होते, आणि बहुतेक वेळा ट्रॅकवर पोहोचल्यानंतर पुढचे धावणेही होत असे. पौषातल्या गारठ्यात चालणे दहा मिनिटांपर्यंत वाढवले. आता उजाडण्यापूर्वी निघून ऊन चढण्याच्या आत परततो. लग्नसराईत आठवडाभर खंड पडला, तेव्हा आधीच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली.

ज्यांचे गुडघे आधीच झिजले आहेत किंवा ज्यांचे वजन बरेच जास्त आहे, त्यांना मी थेट पहिला आठवडा सुचवणार नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी रोज अर्धा तास भरभर चालण्याची सवय करावी. ते सुसह्य झाल्यावर साठ सेकंद धावण्याचा विचार करता येईल.