जिंकलेल्या सैनिकाचे दुःख : बाओ निन्ह यांची 'द सॉरो ऑफ वॉर'

व्हिएतनामी लेखक बाओ निन्ह यांची ही कादंबरी व्हिएतनाम युद्ध संपल्यावर सुरू होते. विजयानंतरच्या पहिल्याच कोरड्या ऋतूत, बेपत्ता सैनिकांचे अवशेष गोळा करणाऱ्या पथकाबरोबर कादंबरीचा नायक, उत्तर व्हिएतनामचा सैनिक किएन, व्हिएतनामच्या मध्य पठारावरील जंगलात परततो आणि साथीदारांचे अवशेष ठेवलेल्या ट्रकमध्येच झोळी बांधून रात्र काढतो. १९६९ मध्ये याच जंगलात त्याची सत्ताविसावी बटालियन जवळजवळ संपूर्ण मारली गेली होती.

लेखक स्वतः उत्तर व्हिएतनामच्या सैन्यात होते. त्यांच्या युवा ब्रिगेडमधून १९६९ मध्ये युद्धावर गेलेल्या ५०० जणांपैकी १० जण वाचले, त्यांतले ते एक. मागे उरल्याचे हे ओझे हाच कादंबरीचा गाभा आहे. हनोईत परतलेला किएन रात्री लिहायला बसतो, पण छताच्या पंख्याच्या घरघरीत त्याला हेलिकॉप्टर ऐकू येतात. जे मेले ते आपल्याहून चांगले होते, ही त्याची खात्री कधीच ढळत नाही, आणि लिहिणे हे त्याला मृतांचे देणे फेडण्यासारखे वाटते. विजयाचा अभिमान मिरवणाऱ्या राष्ट्रात, विजयी सैन्यातल्याच माणसाने इतक्या उघडपणे शोक मांडावा, हे धैर्य मला या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ वाटते.

कादंबरीला प्रकरणे नाहीत. शाळेतले प्रेम, पत्ते खेळणारी टेहळणी तुकडी, सैन्यातून पळून जाणारा कान नावाचा सैनिक, जखमींना वाचवण्यासाठी अमेरिकी सैनिकांना स्वतःकडे ओढून घेणारी होआ, हे सारे काळाचा क्रम सोडून येते. सुरुवातीला गोंधळ उडतो. मात्र किएनच्या आठवणी ज्या तऱ्हेने त्याच्यावर चाल करून येतात, त्या तऱ्हेला हीच रचना न्याय देते असे माझे मत झाले.

एक उणीव मात्र जाणवते. १९६५ मध्ये मालगाडीवरील बॉम्बहल्ल्याच्या वेळी किएनची शाळेतली प्रेयसी फुओंग हिच्यावर जे अत्याचार होतात, त्यांनी तिचे आणि किएनचे आयुष्य कायमचे बदलते, तरीही तिचे मन आपल्याला जवळजवळ सर्वस्वी किएनच्याच नजरेतून दिसते. रणांगणावरच्या पुरुषांना इतक्या बारकाईने जाणणाऱ्या लेखकाने तिला स्वतःचा आवाज द्यायला हवा होता.

मूळ पुस्तक १९९० च्या सुमारास हनोईत प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी अनुवादाला १९९४ चा इंडिपेंडंट फॉरेन फिक्शन पुरस्कार मिळाला. व्हिएतनामचे युद्ध केवळ अमेरिकी चित्रपटांतून पाहिलेल्या वाचकांनी तर हे पुस्तक अवश्य वाचावे. थोडी पाने वाचून ते थांबले, तरी पुन्हा हाती घ्यावे.