लेबल आधी छापलं, मणी नंतर फोडला

निफाड तालुक्यात, द्राक्षाच्या घरात माझा जन्म झाला. तरी 2022 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात मला द्राक्षातच फसवलं गेलं. सगळे मिळून 1,840 डॉलर गेले. इथे घरी वाइन करणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत, आणि ज्या वाटेनं मी फसलो ती वाट अजून बंद झालेली नाही, म्हणून सगळं लिहितो.

फ्रीमाँटच्या आमच्या गॅरेजमध्ये मी दर वर्षी थोडी रेड वाइन करतो. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत घरच्यासाठी करायला कायद्याची मुभा आहे, फक्त विकायची नाही. आधीची वर्षं मी कॅलिफोर्नियातल्याच लोडायची झिन्फँडेल वाणाची द्राक्षं आणत होतो. त्या वर्षी नापा व्हॅलीतल्या कॅबर्नेट या वाणाची वाइन करायचं ठरवलं, कारण आप्पांना पंचाहत्तरावं लागणार होतं आणि त्यांच्या नावानं काहीतरी खास करायचं मनात होतं.

खरं सांगायचं तर सुरुवात लेबलापासून झाली. आमच्या बागेतल्या मांडवाचं एक जुनं छायाचित्र आहे, एप्रिल छाटणीनंतरचं, नुसत्या काड्या आणि तारा. बायकोनं त्यावरून शाईचं रेखाचित्र केलं. वाइनचं नाव ‘मांडव’. या लेबलावर आम्ही दोन महिने घालवले. सोनेरी फॉइलमध्ये देवनागरी छापणं अवघड असतं. पहिल्या नमुन्यात ‘मां’वरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटून गेला, दुसऱ्यात ‘ड’ची गाठ भरून तो ठिपका दिसायला लागला. शेवटी अक्षर जाड केलं, अनुस्वार वर सरकवला आणि फॉइल फक्त रेघेला ठेवलं. कागद ओल्यात न सुटणारा घेतला. बर्फात ठेवलेल्या बाटलीवरून लेबल गळून पडलेलं मला बघवत नाही.

याच दिवसांत तो माणूस भेटला. ओळख गणपतीच्या कार्यक्रमात झाली. बोलणं मराठवाड्याकडचं, गोड. पहिल्याच भेटीत मला ‘दादा’ म्हणाला. दर वर्षी आपल्या लोकांसाठी नापातून द्राक्षं काढून देतो म्हणाला. एका मोठ्या वायनरीनं करार मोडलाय, मळा चांगला आहे, दर पौंडाला सव्वादोन डॉलर. नापाच्या कॅबर्नेटचा सरासरी भाव तेव्हा टनाला आठ हजार डॉलरच्या वर होता, म्हणजे पौंडाला चारच्या पुढे. हा आकडा मला माहीत होता. निम्म्या भावात कोण देईल, हे मी स्वतःला विचारलं नाही, कारण करार मोडल्यावर शेतकरी काय भावात माल सोडतो ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. त्याची गोष्ट मला ओळखीची वाटली, आणि तिथेच मी सापडलो.

मग त्यानं मळ्याचं नाव सांगितलं आणि म्हणाला, “दादा, लेबलावर मळ्याचं नाव टाकायचं असेल तर मालकाची परवानगी लागते. अडीचशे डॉलरमध्ये करून देतो.” हे मला पटलं, कारण विक्रीच्या बाटल्यांचे नियम मी वाचलेले होते. लेबलावर ‘नापा व्हॅली’ लिहायचं तर किमान 85 टक्के द्राक्षं तिथली लागतात, मळ्याचं नाव लिहायचं तर 95 टक्के त्याच मळ्यातली. घरच्या वाइनला हे लागू नाही, पण आप्पांच्या मांडवाखाली खोटं काही छापायचं नाही असा माझा हट्ट होता. त्या हट्टाचेच त्यानं अडीचशे डॉलर घेतले. ऑगस्टमध्ये 180 लेबलं छापून आली, 240 डॉलरला. द्राक्षं अजून वेलीवर होती.

लेबलाचा फोटो आप्पांना पाठवला. आप्पांनी फोनवर एकच विचारलं, “मळा पाहिलास का?” मी ‘हो’ म्हणालो. खरं तर तो म्हणाला होता की विम्याच्या भानगडीमुळे बाहेरच्यांना मळ्यात सोडत नाहीत, आणि मी ते ऐकून घेतलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा निरोप आला, माल तयार आहे. नापाची कॅबर्नेट सहसा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात येते. पण त्या आठवड्यात कॅलिफोर्निया उष्णतेच्या लाटेत होरपळत होता आणि सगळीकडे तोडणी लवकर चालली होती, त्यामुळे तेही खपून गेलं. व्हॅलेहोच्या एका पार्किंगमध्ये पहाटे गाडी आली. 18 क्रेट, 600 पौंड असं त्यानं सांगितलं, काटा नव्हता. प्रत्येक क्रेटवर हिरवी पानं. मी वरचा घड उचलून पाहिला. बारीक, निळेकाळे, जाड सालीचे मणी, पानाच्या खाचा एकमेकींवर येऊन भोकं पडल्यासारख्या. ती कॅबर्नेटच होती. 1,350 डॉलर ‘झेल’ या पैसे पाठवायच्या सेवेवरून आदल्या रात्रीच गेले होते.

रात्री गॅरेजमध्ये देठ काढून द्राक्षं चिरडायला घेतली आणि दुसऱ्या क्रेटला माझे हात जांभळे झाले. रेड वाइनच्या बहुतेक द्राक्षांचा गर पांढरटच असतो. रस आधी फिकट निघतो आणि रंग सालीतून चार-आठ दिवसांत उतरतो. इथे रस पहिल्या मिनिटाला शाईसारखा होता. खालच्या थरातला एक मणी मी बोटांत फोडला. आत लाल.

शेजारचे पोर्तुगीज आजोबा लहानपणापासून वाइन करतात. त्यांनी माझा तळवा पाहिला आणि म्हणाले, “अलिकांते.” हे लाल गराचं वाण. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात घरी वाइन करणाऱ्यांसाठी रेल्वेचे डबे भरभरून पूर्वेकडे जायचं, कारण साल जाड आणि रंग भरपूर. वाण वाईट नाही, पण कॅबर्नेट नाही आणि त्या भावाचं तर नाहीच. प्रत्येक क्रेटमध्ये वर एक थर कॅबर्नेट, खाली हे, आणि त्यातही मनुके होत आलेले मणी. पानं पसरण्याची युक्तीही जुनी निघाली. 1980 च्या दशकात झिन्फँडेलचा भाव चढला तेव्हा इथे स्वस्त द्राक्षांच्या गाड्यांवर झिन्फँडेलची पानं पसरून माल वायनऱ्यांच्या गळ्यात मारला होता. त्याचे खटले झाले.

रसातली साखर मोजली, ब्रिक्स 28 भरला. पाणी घातलं, टार्टरिक आम्ल घातलं, तरी आंबवण 4 ब्रिक्सवर अडकली. नवं यीस्ट देऊन नोव्हेंबरात कशीबशी संपवली. पीएच 3.9 च्या खाली आलाच नाही. एवढ्या पीएचला वाइन टिकवणारं सल्फाइट नेहमीच्या मात्रेत पुरत नाही. वाइन काळीकुट्ट झाली आणि चवीला बोथट.

द्राक्षं विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, “जुन्या मळ्यात दोन-चार रांगा मिश्र असतातच दादा.” दोन दिवसांनी त्याचा फोनवरचा ग्रुप नाहीसा झाला आणि नंबर बंद झाला. मग मी त्या मळ्याला फोन केला. बाई शांतपणे म्हणाल्या, आमचा सगळा माल एकाच वायनरीला कराराने जातो, परवानगी वगैरे आम्ही कुणालाच दिलेली नाही, आणि या महिन्यात असा फोन करणारे तुम्ही चौथे. बँकेनं हात वर केले, कारण पैसे मी स्वतः पाठवले होते. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, वकील न लावता दावा करता येतो, पण ज्याच्यावर दावा करायचा त्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे एक टोपणनाव होतं.

म्हणून द्राक्षं घ्याल तर मळ्यात जाऊन, वेलीवरची पाहून घ्या. जाऊच देत नसतील तर सौदा सोडा. क्रेट उलटा करा आणि तळचा मणी फोडा. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर चार वेगवेगळ्या क्रेटना लावा, वरच्या घडाला नाही. वजन तुमच्यासमोर होऊ दे. बिलावर मळा, वाण, वजन आणि विकणाऱ्याचा पत्ता हवा, आणि पैसे माल पाहिल्यावर द्या. मळ्याचं नाव वापरायचं असेल तर मालकाशी थेट बोला आणि लेखी घ्या. लेबल कितीही आधी काढा, पण वाइन बाटलीत गेल्याशिवाय छापायला देऊ नका. मी छापून बसलो होतो, म्हणून त्या पहाटे मला वरचाच घड पाहायचा होता.

आप्पांना डिसेंबरात खरं सांगितलं, मळा पाहिला नव्हता हेसुद्धा. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांच्या तरुणपणी दोन हंगामांचे पैसे बुडवून गेलेल्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. ती मी आधी कधी ऐकली नव्हती. 180 लेबलं आम्ही कापली. मांडवाचं चित्र तेवढं बायकोनं ठेवलं.

2023 च्या तोडणीला आम्ही पुन्हा लोडायला गेलो, मळ्याच्या मालकाबरोबर रांगेत उभे राहून घड कापले. तिथूनच आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी खोड पाहिलं, ठिबकची नळी पाहिली, घड पाहिला. मग पानामागे येणारी डावणी बुरशी बघायच्या सवयीनं म्हणाले, “पान उलटं करून दाखव.”