पेव्हर ब्लॉक: दाखवला ऐंशीचा, बसवला पन्नासचा

सासूबाई पडल्या तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले असतील. तुळशीला पाणी घालून परत येताना वर आलेल्या एका ब्लॉकला त्यांचा पाय अडला. मनगट मोडलं. वय ७४. त्यांना पावसाळ्यात चिखलातून जायला लागू नये, म्हणूनच तर आम्ही अंगणात पेव्हर ब्लॉक घातले होते.

आमचं घर कोल्हापूरजवळ उचगावच्या बाजूला. पूर्वी इथं ऊस होता, त्यामुळे खाली सगळी काळी माती. २०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही तीन ठेकेदारांकडून भाव घेतले. दोघांनी चौरस फुटाला ११५-१२० सांगितले, तिसऱ्याने ८५. त्याने आणलेला ब्लॉक ह्यांनी पट्टी लावून मोजला. बरोबर ८० मिलिमीटर भरला, हातालाही जड. "वहिनी, फूटभर काळी माती काढणार, मुरूम-खडी भरून दाबणार, मग ब्लॉक. दहा वर्सं हलायचा नाही." वहीच्या पानावर मात्र त्याने एवढंच लिहून दिलं: पेव्हर काम, ६४० फूट, ८५ प्रमाणे. खोदाई किती, मुरूम किती, ब्लॉक किती जाडीचा, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. आम्हीही तो तसाच घडी करून कपाटात ठेवला. ३० हजार आधी दिले.

पहिला ट्रॅक्टर आला त्यात खरोखर जाड ब्लॉक होते. ते फाटकाजवळ रचले गेले. खोदाई सुरू व्हायची आणि नेमकं आम्हाला गारगोटीला लग्नाला जायचं होतं. दोन रात्री राहून परत आलो तर अंगण तयार! सांध्यात कच (दगडाची बारीक भुकटी) भरलेली, वर पाणी मारलेलं, लाल-करड्या रांगा सरळ. बघून जीव सुखावला. संध्याकाळी ठेकेदार म्हणाला, "ट्रॅक्टरवाला भाड्यासाठी उभा आहे," आणि आम्ही उरलेले २४,४०० रुपये रोख देऊन टाकले. बिल मागितलं नाही.

जूनच्या पहिल्या पावसातच पाणी फाटकाकडे न जाता घराच्या जोत्याकडे येऊन साचायला लागलं. उतार उलटा! जुलैत ब्लॉकवर पाय ठेवला की तो डुगडुगायचा आणि सांध्यातून चिखलपाणी उडायचं. फोन केला की "पाऊस उघडू दे, करून देतो." ऑगस्टनंतर फोन लागेना झाला. दिवाळीच्या आधी सासूबाई पडल्या.

माझा मोठा भाऊ लष्करात इंजिनिअर रेजिमेंटला होता, काही वर्षं लेहला. तो आला आणि त्याने पहारीने ब्लॉक उचकटले. फाटकाजवळच्या दोनच रांगा ८० मिलिमीटरच्या निघाल्या. पुढचे सगळे ५०चे. खाली जेमतेम चार बोटं खोदलेलं, त्यात कुणाच्या तरी पाडलेल्या भिंतीच्या विटांचे तुकडे, आणि जाडीतली तूट भरून काढायला कुठे दोन तर कुठे चार इंच कच. मुरूम नावालाही नाही. कडेला काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवून धरणारा कडेचा दगड, हवा, तिथे नुसता सिमेंटचा बोटभर लेप. शेजारच्या काकू म्हणाल्या, यंत्र काही आलंच नव्हतं, लाकडी धुम्मस घेऊन दोन पोरं ठोकत होती.

दादाने जे सांगितलं ते मला आधी कळायला हवं होतं. लेहला जमिनीतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फरशी वर उचलतं. उन्हाळ्यात ते वितळलं की जमीन लिबलिबीत होते आणि फरशी खचते. म्हणून तिथे खोल खणून पाणी न धरणारी जाड खडी भरतात, आणि ब्लॉक कमी पाणी पिणारा घेतात. तो म्हणाला, "आपल्याकडं बर्फ नाही, पण काळी माती हाय. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिकडं बर्फ करतो तेच इथं माती करते." बारीक भुकटीची कच पाणी धरून ठेवते आणि चिखल होऊन सांध्यातून निघून जाते. खाली पोकळी राहते, वर ब्लॉक डुलतो.

मग आम्ही ब्लॉकही तपासला. उन्हात दोन दिवस वाळवून वजन केलं: ३ किलो ९० ग्रॅम. चोवीस तास बादलीत बुडवून, पुसून पुन्हा केलं: ३ किलो ३८० ग्रॅम. म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त पाणी प्यायला. पेव्हरसाठीच्या आयएस १५६५८ या मानकात सरासरी ६ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तिथे ब्लॉक ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून मोजतात. तसं केलं असतं तर आमचा आकडा आणखी वाढला असता. हे घरच्या वजनकाट्यावर कुणालाही जमेल, फक्त ते माल उतरवून घ्यायच्या आधी करा. आणि नमुन्याचा ब्लॉक परत देऊ नका. त्यावर ठेकेदाराची सही घेऊन घरात ठेवा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. चालायला आणि दुचाकीला ६० मिलिमीटरचा चांगला ब्लॉकही पुरतो. जाडी मोजण्यातच आम्ही गुंतलो आणि जमिनीखाली काय जातंय ते बघायला घरात कुणी थांबलं नाही. खोदाई झाली की टेप धरून फोटो, मुरूम दाबल्यावर फोटो, वाळू पसरल्यावर फोटो, आणि प्रत्येक थरानंतरच पुढचे पैसे. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर द्यायचं लिहून घ्या. लग्न असो की जत्रा, त्या दोन दिवसांत काम चालू ठेवू नका.

ग्राहक आयोगाकडे जायचं तर दोन वर्षांच्या आत तक्रार द्यावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. आम्ही ते केलं. पण हातात बिल नाही, रोख दिलेल्या पैशांची पावती नाही. आहे ते वहीचं पान आणि उचकटलेल्या अंगणाचे फोटो. त्यावरच तक्रार उभी आहे.

डिसेंबरात दुसऱ्या माणसाकडून फक्त दारापासून तुळशीपर्यंत आणि फाटकापर्यंतची वाट करून घेतली, तेवढेच पैसे होते. काळी माती फूटभर काढली, मुरूम दोन थरांत पाणी मारून यंत्राने दाबला, वर खडी, मग दीड इंच धुतलेली जाड वाळू. उतार दहा फुटांत अडीच इंच, घरापासून बाहेर. दोन्ही कडांना कर्ब काँक्रीटमध्ये. मी चारही दिवस शाळेतून रजा काढून तिथेच खुर्ची टाकून बसले. बाकी अंगणात नुसता मुरूम आहे. सासूबाई आता काठी टेकत तुळशीपर्यंत जातात, पण मधे थांबून पुढचा ब्लॉक आधी काठीने दाबून बघतात.