दोन चॅप्टरच्या मधली तयारी: कॉल ऑफ कथुलूचं रूलबुक आणि हँडबुक, नागपूरच्या टेबलावरून

आधीच सांगतो, हा पूर्ण गेमचा रिव्ह्यू नाही. कॉल ऑफ कथुलू हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायचा भीतीच्या गोष्टींचा रोलप्लेइंग गेम १९८१ पासून आहे, सँडी पीटरसननं लिहिलेला, केऑसियम कंपनीनं काढलेला, आणि त्याच्याबद्दल नेटवर ढीगभर लिहिलेलं सापडते. मला लिहायचंय ते फक्त एका भागाबद्दल, ज्याच्याबद्दल आपल्या मराठीत कोणीच काही बोलत नाही. एक चॅप्टर संपला, जे वाचले ते वाचले, आणि पुढचा चालू व्हायच्या आधी आपलं कॅरेक्टर आणि सामान तयार करायचं, तो मधला वेळ. सातव्या एडिशनचं कीपर रूलबुक (कीपर म्हणजे गोष्ट चालवणारा) आणि सोबतचं इन्व्हेस्टिगेटर हँडबुक (इन्व्हेस्टिगेटर म्हणजे बाकीच्यांची पात्रं) ह्या दोन पुस्तकांवर आमच्या ग्रुपचं कॅम्पेन, म्हणजे अनेक चॅप्टरची लांब गोष्ट, चालू आहे, १९२० च्या दशकातल्या नागपुरात, आणि माझं स्पष्ट मत असं की कॅरेक्टरच्या तयारीसाठी ह्या पुस्तकासारखं पुस्तक नाही, पण सामानाच्या बाबतीत आपल्याकडच्या माणसाला त्यातलं अर्धं स्वतःच करून घ्यावं लागते.

बाकी बऱ्याच गेममध्ये चॅप्टर संपला की लेव्हल वाढते, ताकद वाढते, पोट्टे खुश. इथं तसं नाही. इथं शीटवर, म्हणजे कॅरेक्टरची माहिती लिहिलेल्या कागदावर, प्रत्येक स्किलसमोर एक छोटा चौकोन असतो, खेळताना ते स्किल वापरून जमलं की त्या चौकोनात टिक करायची, आणि चॅप्टरच्या शेवटी टिक असलेल्या प्रत्येक स्किलसाठी शंभराचा फासा टाकायचा. आता खरी गंमत, इथं आपल्या स्किलच्या आकड्यापेक्षा जास्त आकडा यायला पाहिजे, किंवा ९५ च्या वर, तरच स्किल वाढते आणि तेही दहाच्या एका फाश्याएवढं. म्हणजे जे तुला आधीच छान येते ते वाढवणं कठीण आणि जे अर्धवट येते ते भराभर वाढते. लक पॉइंट (नशिबाचे गुण) खर्चून रोल जमवला असेल तर टिक मिळतच नाही, हे नवीन लोक हमखास विसरतात, कीपरनं तिथल्या तिथं आठवण द्यावी. आणि कथुलू मिथॉस (त्या भयानक गोष्टींचं ज्ञान) आणि क्रेडिट रेटिंग (पैसा आणि पत) ह्या दोन्हींना टिकचा चौकोनच नाही. ते सरावानं वाढणारं ज्ञानच नाही ना भाऊ, बरोबर आहे.

आमच्या टेबलवरचं उदाहरण देतो म्हणजे समजेल. वामनराव म्हणून कॅरेक्टर आहे, मॉरिस कॉलेजात इतिहास शिकवणारा (हे कॉलेज १८८५ पासूनचं, त्यामुळे काळात बरोबर बसते). मागच्या चॅप्टरमध्ये त्यानं कॉलेजच्या लायब्ररीत जुनी कागदपत्रं शोधली आणि इतवारीतल्या एका गोदामात रात्री भिंतीआडून येणारा आवाज ऐकला. लायब्ररी यूज ७०, फासा पडला ४१, काहीच वाढलं नाही. लिसन फक्त २०, फासा ६३, मग सात वाढले, २७ झाले. आता हा माणूस पुस्तकात हुशार होता तेवढाच राहिला पण त्याला आवाज जास्त ऐकू यायला लागले. कीपरनं एक अक्षर बोलायच्या आधी नुसत्या दोन फाश्यांनी पुढच्या चॅप्टरची भीती तयार केली, आणि मला ह्या पुस्तकाची सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

त्याच्यापुढं सॅनिटीचा, म्हणजे डोकं किती ताळ्यावर आहे त्या आकड्याचा, भाग येतो. डोकं ताळ्यावर आणण्यासाठी कॅरेक्टर आपल्या बॅकस्टोरीतल्या (शीटवर लिहिलेल्या आधीच्या आयुष्यातल्या) माणसाकडे, जागेकडे किंवा वस्तूकडे परत जाऊ शकते, तिथं वेळ घालवायचा आणि सॅनिटी रोल करायचा. जमला तर सहाच्या फाश्याएवढी सॅनिटी परत, नाही जमला तर एक पॉइंट जातो आणि ती बॅकस्टोरीतली ओळच बदलून लिहायची. सॅनिटी रोल म्हणजे आत्ताची जेवढी सॅनिटी आहे तेवढा किंवा त्याच्या खालचा आकडा पाहिजे, म्हणजे ज्याची हालत सगळ्यात खराब त्यालाच बरं व्हायचा चान्स सगळ्यात कमी. वामनरावची सॅनिटी ३८ होती. त्याच्या शीटवर लिहिलं होतं "महालातल्या वाड्यात राहणारा धाकटा भाऊ, जगात त्याच्याशिवाय कोणी नाही". फासा पडला ७१. खेळणारानं बराच वेळ पेन्सिल हातात धरून ठेवली, मग ती ओळ खोडून लिहिलं, "भाऊ आता रात्री माझ्या खोलीला बाहेरून कडी लावतो". टेबलवर कोणीच काही बोललं नाही. राक्षसाचं वर्णन करून करून जे होत नाही ते त्या एका ओळीनं झालं, आणि हे चॅप्टरच्या आत नाही, मधल्या तयारीत झालं राजेहो.

उपचाराचे नियम पण आपल्याकडे वेगळेच रंगतात. पुस्तकात महिन्याला एक रोल आहे. घरी किंवा खासगी देखभालीत ठेवलं तर ९५ पर्यंत आकडा आला तरी तीनच्या फाश्याएवढी सॅनिटी परत येते, आणि मनोरुग्णालयात टाकलं तर ५० पर्यंतच, त्याच्या वर ९५ पर्यंत काही फरक नाही. दोन्हीकडे ९५ च्या वर गेलं की उलट सहाच्या फाश्याएवढी सॅनिटी जाते. अमेरिकेतल्या कॅरेक्टरसाठी खासगी देखभाल म्हणजे पैशाचा प्रश्न, आपल्याकडे तो घराचा प्रश्न होतो. वाड्यात पंधरा माणसं आहेत, काकू म्हणते बाहेरची बाधा आहे, आजोबा म्हणतात शेजारी कळता कामा नये, आणि डॉक्टर मेयो हॉस्पिटलातून लपून येते. एका आकड्यातून एवढं नाटक निघते, कीपरला वेगळं काही रचावंच लागत नाही.

जखमांचं थोडक्यात सांगतो. साधी जखम दिवसाला एक पॉइंट भरते, मोठी जखम असेल तर आठवड्याला एक कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) रोल. त्यामुळे दोन चॅप्टरच्या मध्ये किती दिवस गेले हे कीपरनं आधी ठरवावं आणि मगच सगळ्यांनी फासे घ्यावे. आमच्याकडे साधारण एखादा महिना जातो. नवीन स्किल शिकायचं असेल तर पुस्तकाप्रमाणे चार महिने अभ्यास लागतो, ते पावसाळ्यात दाखवायला बरं जाते, कारण तेव्हा तसंही कोणी बाहेर पडत नाही.

आता सामान. इथं हँडबुकबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी मनापासून करून राह्यलो कारण बाकी पुस्तक एवढं चांगलं आहे. सामानाची यादी मोठी आहे, वाचायला मजा येते, पण सगळं अमेरिकन दुकानातलं आणि डॉलरमध्ये. क्रेडिट रेटिंग १० ते ४९ म्हणजे सामान्य माणूस, त्याला रोज दहा डॉलरपर्यंत हिशोब न करता खर्च करता येते असं पुस्तक म्हणते. १९२० च्या दशकात डॉलरला साधारण पावणेतीन रुपये पकडले तर झाले साडेसत्तावीस रुपये रोजचे. एम्प्रेस कापड मिलमधला कारकून रोज एवढे उडवेल? तेव्हा साध्या कारकुनाचा महिन्याचा पगारच दोन आकडी असायचा. हे जसंच्या तसं वापरलं तर पैशाची टंचाईच उरत नाही, आणि हॉररमध्ये टंचाई पाहिजेच.

आमच्या ग्रुपनं त्याच्यावर एक उपाय काढला, तो सगळ्यांनी वापरून पहा. इथं बनणाऱ्या आणि मिळणाऱ्या वस्तूंसाठी एक डॉलर म्हणजे दोन आणे. दहा डॉलरचे झाले वीस आणे, म्हणजे रोजचा सव्वा रुपया, महिन्याचे साडेसदतीस. कारकून झाला तयार. क्रेडिट रेटिंग ५० च्या वरच्या मालगुजाराला (गावाच्या जमीनदाराला) पुस्तकात पन्नास डॉलर, त्याचे सव्वासहा रुपये रोज, तेही बरोबर वाटते. आणि बाहेरून येणारी वस्तू, म्हणजे कॅमेरा, टॉर्च, दुर्बीण, ती मात्र खऱ्या भावानं पावणेतीन रुपये डॉलरप्रमाणे. ह्याच्यामुळे काय होते तर दोर, कंदील, घासलेट, कुदळ हे सगळं बुधवारीत आरामात मिळते आणि एक कॅमेरा घ्यायला अख्ख्या ग्रुपला वर्गणी काढावी लागते. मग तो कॅमेरा विहिरीत पडायची भीती विहिरीतल्या गोष्टीएवढीच होते.

बंदुकीचं तर अजूनच वेगळं. पुस्तकात बंदूक ही किमतीची गोष्ट आहे, आपल्याकडे ती लायसन्सची आहे, १८७८ चा आर्म्स ॲक्ट होताच. कॉलेजच्या प्रोफेसरला रिव्हॉल्वर पाहिजे म्हणून दुकानात जाऊन घेता येत नाही, त्याला ओळखीचा मालगुजार पकडावा लागते, आणि तो विचारणारच, काहून पाहिजे? आम्ही कॅम्पेन १९२३ मध्ये ठेवलंय, झेंडा सत्याग्रह नागपुरात जोरात चालू, रोज अटका होऊन राहिल्या, सिव्हिल लाइन्सच्या बाजूला जरा जास्त माणसं दिसली की पोलीस हटकणार. अशा शहरात रात्री दोर, कुदळ आणि बंदूक घेऊन चार जण निघाले तर आधी भीती कोणाची? पुस्तकात हे कुठंच नाही, पण पुस्तकाच्या नियमांवर हे इतकं छान बसते की वाटते मुद्दाम जागा सोडली आहे. रेल्वे स्टेशनची आत्ताची इमारत १९२५ मध्ये चालू झाली, त्यामुळे आमच्या गोष्टीत ती अजून बांधकामातच आहे, आणि तिथल्या पायाच्या खड्ड्यात काय निघालं हा पुढच्या चॅप्टरचा विषय आहे, त्याच्यावर जास्त बोलत नाही, आमचे पोट्टे वाचतील.

जुन्या माहितीसाठी १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर फार कामाचं आहे, बाजार, रस्ते, गावं, धंदे सगळं सापडते. एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. हा गेम ज्याच्या कथांवर बेतलाय त्या लव्हक्राफ्टच्या मूळ कथांमध्ये पूर्वेकडची माणसं आणि त्यांचे देव म्हणजे बहुतेक वेळा संशयास्पदच, आणि गेम इथं आणताना तीच सवय घुसते. गोंडांचा देव, गावाबाहेरचा म्हसोबा, एखादी मरीआई, ह्यांनाच राक्षस बनवणं फार सोपं आहे. करू नका. आम्ही ठरवलं की जी गोष्ट भीतीदायक आहे तिचं कोणत्याच माणसांच्या देवाशी नातं नाही, उलट गावातल्या म्हाताऱ्या बाईला कुठं जाऊ नये हे नक्की माहीत असते. मधल्या तयारीत कॅरेक्टर तिच्याकडे जाऊन बसू शकते, तिथं मिळालेली माहिती पुस्तकं वाचून मिळणाऱ्या माहितीपेक्षा स्वस्त पडते, कारण मिथॉसची पुस्तकं वाचली की सॅनिटी तर जातेच, वरून मिथॉस स्किल जेवढं वाढेल तेवढी सॅनिटीची वरची मर्यादाही ९९ मधून कायमची कमी होते. मिथॉस १२ झालं की ८७ च्या वर कधीच नाही. आमच्यातल्या डॉक्टरीणबाई तरी वाचतात, प्रत्येक वेळी.

एवढं सगळं चॅप्टरच्या शेवटच्या अर्ध्या तासात उरकायचा प्रयत्न करू नका. वेगळी बैठक ठेवा. आमची धरमपेठेत एकाच्या घरी होते, तर्री पोहे आधी खाऊन हात धुऊन मगच शीट बाहेर निघते कारण तर्रीचा डाग कागदावरून जात नाही. शीट केऑसियमच्या साइटवर फुकट आहे, बर्डीवर कुठंही प्रिंट काढून मिळते, फक्त साधा झेरॉक्सचा पातळ कागद घेऊ नका, सॅनिटीच्या जागी खोडून खोडून भोक पडते, १०० जीएसएमचा घ्या. शंभराच्या रोलसाठी दहा बाजूंचे दोन फासे लागतात, आम्हाला शहरात मिळाले नाही, ऑनलाइन मागवले.

आणखी एक, प्रत्येकानं दुसरं कॅरेक्टर तयार ठेवा, ह्याच बैठकीत. हँडबुकात इन्व्हेस्टिगेटर ऑर्गनायझेशनचा भाग आहे तो ह्याच्यासाठी सोन्यासारखा, म्हणजे सगळे एकाच मंडळाचे सदस्य, एक गेला तर मंडळातलाच दुसरा येते आणि गोष्ट तुटत नाही. आमचं मंडळ म्हणजे महालातलं एक वाचनालय. मेलेल्याची डायरी नवीन माणसाला वाचनालयाच्या कपाटात सापडते, झालं.

विकत काय घ्यायचं ते सांगतो. नुसतं पाहायचं असेल तर क्विक स्टार्ट नियम फुकट आहेत, त्याच्यावर एक पूर्ण गोष्ट खेळून होते. आवडलं तर कीपरनं रूलबुक घ्यावं, चारशेच्या वर पानं आहेत आणि वर सांगितलेला मधल्या तयारीचा भाग त्यात पूर्ण आहे. छापील प्रत इकडं महाग पडते म्हणून पीडीएफपासून सुरुवात केली तरी चालते, पण टेबलवर पानं उलटायला छापीलच बरं. हँडबुक अख्ख्या ग्रुपमध्ये एक पुरते. रूलबुकला माझ्याकडून पाचपैकी पाच, हँडबुकला साडेतीन, आणि तो दीड पॉइंट पूर्ण सामानाच्या यादीपायी कापला आहे.