सिलिकॉनवाली फोम पट्टी : महाग आहे पण कातडं वाचलं

आईच्या पोटरीला मार्चमध्ये गाडीचा सायलेन्सर लागला, त्यात तिला शुगर, त्यामुळं जखम भरायलाच दीड महिना गेला. भरली म्हणून आम्ही मोकळे झालो अन् तिथंच चुकलो. वर गुलाबी चकचकीत कातडं आलेलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं, त्याला साडीचा काठ घासायला लागला म्हणून मी घरातली साधी चिकटपट्टी लावून दिली, दुसऱ्या दिवशी काढायला गेलो तर पट्टीसंगं कातडंच निघून आलं. झालं, परत पहिल्यापासून.

ड्रेसिंगवाल्या सिस्टर लै चिडल्या. म्हणल्या जखम बंद झाली म्हणजे कातडं पक्कं झालं का? तीन आठवड्याच्या व्रणात नेहमीच्या कातड्याच्या २० टक्केच ताकद असती, पुढं कितीबी दिवस गेले तरी ८० टक्क्याच्या वर जात नाही. मग त्यांनीच ही सिलिकॉनच्या कडेची फोम पट्टी लिहून दिली. लातूरला गंजगोलाईत तीन मेडिकल फिरलो तवा मिळाली, एक पट्टी साडेचारशेला, मी तर दोनदा विचारलं की डबा आहे का एकच!

पण फरक आहे बगा. साध्या पट्टीचा डिंक कातडं धरून बसतो, सिलिकॉन नुसतं अलगद टेकल्यासारखं चिकटतं, कोपरा उचलून आत बघायचं अन् परत लावायचं, आई एकदाबी ओरडली नाही. फोममुळं काठाचं घासणं पण बंद. एक पट्टी तीन-चार दिवस जाती. काढताना ओढायचं नाही, एका हातानं कातडं दाबून धरायचं अन् हळूहळू सोडवत जायचं. लावायच्या आधी तेल, व्हॅसलिन काही नको, नाहीतर चिकटतच नाही, हे मी एक पट्टी वाया घालवून शिकलो. (शेजारच्या काकू हळद भरा म्हणत होत्या, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.)

तक्रार एकच, आपल्याकडच्या मे महिन्यात घामानं कडा सुटायलेत, दुपारी लाईट गेली की बघायलाच नको. एक तारा त्याचा कापला, पाचपैकी चार.

तीन आठवडे वापरली, आता पट्टी बंद, रात्री व्हॅसलिनचा पातळ हात अन् बाहेर जाताना सुती मोजा वरपर्यंत, ऊन लागलं की तो भाग काळा पडतो म्हणून. आई म्हणती अजून खाजतंय. नखं तेवढी कापून ठेवलीत तिची.