युनिकोडमधील हंगुल: ११,१७२ अक्षरांच्या मांडणीचे परीक्षण

कोरियन शिकायला लागल्यापासून माझ्या शब्दसूच्या आणि टिपणे ज्या सोयीवर चालतात, ती म्हणजे युनिकोडने, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकाने, केलेली हंगुल या कोरियन लिपीची मांडणी. ही मांडणी बव्हंशी उत्तम आहे, पण तिच्यातला एक दोष रोजच्या कामात चांगलाच जाचतो.

हंगुलमध्ये वर्ण सुटे लिहीत नाहीत. आरंभीचे व्यंजन, स्वर आणि असल्यास शेवटचे व्यंजन एका चौकोनात बसवून अक्षर तयार होते. आरंभीची व्यंजने १९, स्वर २१ आणि शेवटच्या जागेचे पर्याय, ती जागा रिकामी ठेवण्याचा पर्याय धरून, २८. या तिन्हींचा गुणाकार ११,१७२ येतो. १९९६ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून युनिकोडने यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला आहे, आणि तो पाठ करावा लागत नाही, कारण तो गणिताने काढता येतो. आरंभीच्या व्यंजनाच्या क्रमांकाला २१ ने गुणून त्यात स्वराचा क्रमांक मिळवावा, बेरजेला २८ ने गुणून शेवटच्या व्यंजनाचा क्रमांक मिळवावा आणि त्यात ४४,०३२ घालावेत. ‘हंगुल’ या नावातले पहिले अक्षर ‘हान्’ घेतले, तर (मोजणी शून्यापासून धरून) ह १८, आ ०, न ४ आणि उत्तर ५४,६२०. हे मी प्रथम कागदावर करून पाहिले आणि संगणकाशी ताडले, तेव्हा फार आनंद झाला.

या पूर्णतेचे मोल पूर्वीची स्थिती पाहिल्यावर कळते. दक्षिण कोरियाच्या १९८७ च्या राष्ट्रीय मानकात तयार अक्षरे केवळ २,३५० होती. ‘तोम याम’ या थाई सूपाच्या कोरियन नावातले पहिले अक्षरच त्यांत नव्हते. युनिकोडनेही आधीच्या आवृत्तीतली ६,६५६ अक्षरे १९९६ मध्ये जागेवरून हलवली आणि त्यानंतरच एकदा दिलेला क्रमांक कधीही न बदलण्याचे धोरण पक्के केले.

दोष असा की तेच ‘हान्’ एका क्रमांकानेही लिहिता येते आणि तीन सुट्या वर्णांच्या क्रमांकांनीही. यूटीएफ-८ या क्रमांक साठवण्याच्या पद्धतीत पहिल्या रूपाला ३ बाइट लागतात, तर दुसऱ्याला ९. एका शिकवणीतून आलेल्या फायलींची नावे माझ्या संगणकावर वर्ण विखुरलेली दिसली आणि शोधूनही सापडेनात, त्याचे कारण हेच होते. नावे प्रमाणीकरणाने, म्हणजे सुट्या वर्णांचे एका क्रमांकाच्या अक्षरात रूपांतर करून, जोडून घेतल्यावर अडचण मिटली. पण ही पायरी नवख्याला कोण सांगणार?

आपल्या देवनागरीत ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष अशा तीन क्रमांकांनी लिहिला जातो. जोडाक्षरे आधीच मोजून ठेवता येत नाहीत, म्हणून आपल्याकडे ती वाट योग्यच होती. हंगुलची अक्षरे मोजता येतात, म्हणून तिथे दुसरी वाट शोभते.

मात्र हा हिशेब आधुनिक लेखनापुरताच आहे. जेजू बेटाच्या भाषेत आजही वापरला जाणारा ‘आरे-आ’ हा जुना स्वर त्या २१ स्वरांत नाही, त्यामुळे त्याची अक्षरे सुट्या वर्णांनीच लिहावी लागतात आणि पुष्कळ फाँटांत ती चौकोनात नीट बसत नाहीत. जेजूचे शब्द कुणाला पाठवायचे असले, तर मी समोरच्याचा फाँट आधी विचारून घेतो.