गच्चीवरच्या बागेसाठी शेडनेट: हिरवी ७५ की पांढरी ५०?

होळी आटोपली की नागपुरात शेडनेटला, म्हणजे ऊन अडवणाऱ्या जाळीला, मागणी सुरू होते. जाळीवरचे टक्के म्हणजे ती किती ऊन अडवते ते. इतवारीतल्या ताडपत्री-दोरीच्या दुकानात गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत हिरव्या ७५ टक्क्यांचा रोल खाली येतो. फर्न, मनीप्लांट एवढंच ठेवायचं असेल तर ती घ्यावी. भाजी आणि फुलझाडांसाठी मात्र पांढरी ५० टक्क्यांची सरस. हिरव्या जाळीतून येतो तो मुख्यतः हिरवा प्रकाश, आणि झाडाला त्याचाच उपयोग कमी. पांढरी जाळी प्रकाश पसरवते, त्यामुळे खालच्या पानांनाही तो मिळतो. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली मिरची नुसती उंच वाढते, दांडे लेचेपेचे राहतात आणि फुलं नावालाच येतात.

टक्केवारीचा छापील आकडा नेहमी खरा नसतो. भर दुपारी मोबाइलच्या लक्समीटरने (प्रकाश मोजणाऱ्या अ‍ॅपने) उघड्यावरचा आणि जाळीखालचा प्रकाश मोजा. फोनचा आकडा नेमका नसला तरी निम्मा होतो की नाही ते कळतं. तुकडा कापून कड ओढा. धागे उसवत असतील तर ती जाळी नको. यूव्ही (अतिनील किरणांना टिकण्याची) प्रक्रिया नसलेला स्वस्त माल विदर्भाच्या उन्हात ठिसूळ होऊन बोटाने फाटायला लागतो.

बहुतेकांची खरी चूक बांधणीत होते. मेअखेरीस नागपुरात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा जाळीची सावली बरोबर खाली पडते. दुपारी चार वाजता मात्र ८ फूट उंचीवरच्या जाळीची सावली जवळपास ११ फूट पूर्वेला सरकलेली असते. जाळी १० फूट रुंद असेल तर तिच्याखालच्या जवळपास सगळ्याच कुंड्या तेव्हा पूर्ण उन्हात, आणि तेच ऊन जाळणारं. म्हणून जाळीच्या छतापेक्षा पश्चिमेचा उभा पडदा महत्त्वाचा. तो कठड्यापासून वरपर्यंत घ्या. पूर्व आणि उत्तर उघडी ठेवा. सगळीकडून बंद केलं तर हवा कोंडते आणि मधमाश्या येत नाहीत, मग काकडीला परागीभवन हातानेच करत बसावं लागतं.

कड दुहेरी दुमडून तिच्यातून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार ओवा. नुसत्या आयलेटवर (कडेच्या भोकातल्या कडीवर) सगळा ताण दिला की पहिल्याच वादळात कोपरा फाटतो. वाऱ्याकडचे दोन कोपरे मुद्दाम साध्या सुतळीने बांधा: वावटळ आली की सुतळी तुटते, खांब वाचतो. छताला एका बाजूला हातभर उतार हवाच.

आता जाळीने काय होत नाही ते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, रात्रीचा पारा तिशीच्या आसपास रेंगाळतो आणि जाळी रात्र थंड करत नाही. टोमॅटोची फुलं मेमध्ये गळणारच. कोथिंबीर, पालक, पुदिना मात्र बराच काळ तग धरतात. मोगरा, बोगनवेल, अडेनियम, भेंडी, गवार यांना जाळीखाली ठेवू नका. सावलीत माती हळू वाळते, पण पाणी पूर्वीइतकंच घातलं जातं आणि मुळं सडतात. दोन पेरं बोट मातीत खुपसून पाहावं. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी तर कुंडीत ओतूच नका, बाष्पीभवनाने त्यात क्षार साचलेले असतात. कोरड्या उष्णतेत लाल कोळी ही बारीक कीड जाळीखालीही येते. पानं फिकट ठिपक्यांची दिसली की सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा.

सुटलेले धागे वेळच्या वेळी कापा, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. लोंबत्या दोरीच्या टोकाला सूर्यपक्षी घरटं बांधू शकतो. तसं झालं तर पिल्लं उडेपर्यंत, साधारण महिनाभर, तेवढा भाग हलवता येत नाही. दोरी आखूड ठेवलेली बरी.

मृगाचे एक-दोन दमदार पाऊस झाले की जाळी काढा, तीही ढगाळ दिवशी संध्याकाळी. एकदम उन्हात आलेली कोवळी पानं करपतात. न काढणारे बरेच असतात आणि जुलैत पानांवर डाग पडले की बुरशीनाशक शोधत फिरतात. ढगाळ हवेत आधीच प्रकाश कमी असतो, त्यात जाळीखाली पानं वाळत नाहीत. शिवाय साचलेल्या पाल्यावरून टपोरे थेंब गळून कुंडीतल्या मातीत खळगे पडतात. रोपवाटिकेच्या ट्रेवर तेवढा एक तुकडा राहू द्या.

ऑक्टोबरच्या उन्हात नव्या रोपांना दोनेक आठवडे सावली पुरते. हिवाळ्यात शेवंती-झेंडूला पूर्ण ऊन हवं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. तशा रात्री घडी केलेली जाळी नाजूक झाडांवर पांघरायची आणि सकाळी ऊन येताच काढायची. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत दुहेरी जाळी बारीक गारा झेलते; उतार नसेल तर गारा मध्ये साचून झोळ पडतो आणि तार सुटते. उंदीर घडीलाही भोकं पाडतात, म्हणून काढलेली जाळी धुऊन, वाळवून टिनाच्या पेटीत ठेवा.